बदली न होणाऱ्यांची शाळा

माणसाच्या तोंडाआधी त्याच्या नडगीकडे बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या कापडदुकानासमोरच्या सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर. कोणी नमस्कार केला की त्या वाकायच्या, त्याच्या नडगीवर अंगठा रोवायच्या आणि मनात दहा मोजायच्या. खळगा पडला नाही तर "बरं हाय" म्हणून पुढच्या गप्पा. पडला तर त्या माणसाची त्या दिवसाची सगळी कामं रद्द. रिसोडच्या एका लग्नात त्यांनी भर मांडवात नवरदेवाची नडगी दाबली, तेव्हा मुलीकडच्यांना वाटलं ही वरपक्षाची कुठली तरी रीत असेल. त्यांनी बिचाऱ्या नवरीलाही पाय पुढे करायला लावला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सिस्टर मूळच्या किन्हीराजाकडच्या. नागपूरला गुरद्याच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या, आजाराचं काम शिकून त्या आमच्या गावी आल्या, तेव्हा यंत्रबिंत काही नव्हतं; एक वजनकाटा आणि खुणा केलेल्या चार बाटल्या. रोग्याच्या पोटात पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली हे इमानदारीनं मोजणारा माणूस म्हणजे अर्धा डॉक्टर, असं त्यांचं ठाम मत होतं. पण माणूस टिकेल तर ना. एखादी नर्स महिनाभर घासून तयार केली की तिची बदली. दुसरी तयार केली की तिला कुटुंबनियोजनाच्या शिबिरात ओढून नेलं. अशा चार जणी हातच्या गेल्यावर दुसरी कोणी कपाळाला हात लावून बसली असती. सिस्टर म्हणाल्या, "ज्यायची बदलीच होत नाही, त्यायलेच शिकवा लागते आता."

मग दवाखान्याच्या आवारात शाळा भरू लागली. विद्यार्थी कोण, तर दोन आया, झाडूवाला आणि फाटकावरचा चहावाला. आयांना वाचता येत नव्हतं म्हणून बाटल्यांवर लाल-हिरवे पट्टे. लघवी मोजणं म्हणजे झाडूवाल्याचं काम, असं म्हणून जो नाक मुरडेल त्याच्याच हातात आधी बाटली. चहावाल्यानं कोणत्या खाटेवर किती कप गेले ते ध्यानात ठेवायचं. तो इतका तयार झाला, की एकदा चांगल्या ठणठणीत तहसीलदारांनी दुसरा कप मागितला तर यानं विचारलं, "सायेब, सकाळपासून लघवी किती झाली?" आम्ही दुकानात बसून पोट धरधरून हसायचो.

माझं हसणं बंद झालं ते बायकोच्या आजारात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचा चेहरा दिवसेंदिवस भरत चालला होता आणि आई साऱ्या आळीला कौतुकानं सांगत होती, "सुनेले आमचं घर मानवलं." आळीलाही ते पटलेलं. एके दिवशी सिस्टर पातळ घ्यायला दुकानात आल्या असताना बायको मागच्या घरातून काही निरोप सांगायला आली. सिस्टरांनी हातातलं पातळ बाजूला ठेवलं आणि तिच्या नडगीवर अंगठा टेकवला. खळगा पडला आणि काही केल्या भरेना. त्या आईला म्हणाल्या, "बाई, हे मानवणं नोहे. हे सूज हाय. आजच्या आज भरती करा."

डॉक्टरांनी सांगितलं, गुरदे सुजलेत, पथ्य पाळलं तर बरी होईल, नाही तर काही सांगता येत नाही. त्या 'नाही तर'नं मी अर्धा झालो. पाणी मापानं, मीठ बंद. तीन दिवस वजन उतरलं आणि चौथ्या सकाळी एकदम चढलं. सिस्टरांनी आधी आपल्या विद्यार्थ्यांची झडती घेतली. ते निर्दोष निघाले. मग मोर्चा वळला आईच्या डब्याकडे. खिचडीच्या तळाशी लिंबाचं लोणचं दडवलेलं होतं.

"पोरीच्या तोंडाले चव नाही," आई डोळ्याला पदर लावून म्हणाली. "मी कशी पाहू?"

मला वाटलं आता आईची धडगत नाही. पण सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. "बाई, तुमी आयंबिल करता ना? नऊ-नऊ दिवस बिनमिठाचं, बिनतेलाचं, एकच टाइम खाता. तवा चव कुठून येते?"

"ते आमच्या जैनायचं व्रत हाय. आजाऱ्याले कायचं व्रत?"

"तिले नका सांगू व्रत. तुमी करा. तुमी तिच्यासमोर खासान, तर ते खाईन."

दुसऱ्या दिवसापासून आई डबा घेऊन सुनेसमोर बसू लागली आणि तेच अळणी वरण, तीच अळणी भाकरी स्वतः मिटक्या मारत खाऊ लागली. बायकोला लाज वाटून का होईना घास उतरायला लागला. आठवडाभरात आईच त्या शाळेत मास्तरीण झाली. इंझोरीहून आलेल्या कुणा रोग्याच्या बायकोला ती शिकवत होती की जिरं खमंग भाजून घातलं तर मिठाची आठवण होत नाही. आया माना डोलवत होत्या. तीन आठवड्यांनी बायको घरी आली तेव्हा गाल पार बसलेले होते. आईला ते बघवेना. सिस्टर म्हणाल्या, "आता मानवलं तिले घर."

पुढे दोन वर्षं आई रोज दुपारी दवाखान्यात जाई. सिस्टरांशेजारी बसून नव्या रोग्यांच्या घरच्यांना अळणी स्वयंपाक सांगे. आणि मग व्हायचं तेच झालं, सिस्टरांचीच बदली आली. एसटी स्टँडवर आया रडत होत्या, चहावाला पैसे न घेता साऱ्यांना चहा पाजत होता. सिस्टर खिडकीतून म्हणाल्या, "रडता कायले? मी चालली, तुमी तं हाय ना इथं."

 परत आल्यावर दुकानाची पायरी चढताना आई म्हणाली, "त्या आपल्या घरी एकदाबी जेवल्या नाहीत."

"आपण बोलावलं कुठं?" मी म्हणालो.

सिस्टर बौद्ध, आम्ही जैन. दवाखान्यात आई त्यांच्या मांडीला मांडी लावून बसे, पण आमच्या स्वयंपाकघरात त्यांचं पान मांडावं हे आम्हाला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, मलाही आणि तिलाही, पण दोघंही तोंडातून काढायला धजलो नव्हतो. जिनं घरची सून परत आणून दिली तिला आम्ही घरचा घास दिला नाही, याची मला आजही शरम वाटते.

आईनं त्याच दिवशी मला पत्र लिहायला लावलं. उत्तरही आलं. नव्या गावी दोन आया आणि एक चौकीदार तयार होत आहेत, ते तयार झाले की जेवायला नक्की येते, असं सिस्टरांनी लिहिलं होतं. ते काम काही संपलं नसावं. आई मात्र होती तोवर त्यांच्या येण्याची वाट पाहत राहिली.