मोहाखालचा जाळ

"ही बघा, जंगल जाळणारी बाई."

जंगल खात्याच्या साहेबानं आधी परदेशी पाहुण्याले इंग्रजीत सांगतलं. मंग मले आयकू जावं म्हून मराठीत. छडी फोटोवर टेकवली. फोटोत मी होती. मोहाच्या झाडाखाली, पायाशी जाळ. अन् मी तिथंच, भिलाईच्या सभेच्या मंडपात, पाण्याचा ट्रे घेऊन उभी. सारे वळून पाहाले लागले. कोणी हासलं. लाज वाटली मले, खोटं कावून बोलू?

तो फोटो मीच हौसेनं काढू देल्ला होता. मागच्या चैतात हाच पाहुणा जंगल पाहाले आला. साहेब म्हणे, "दाखव बाई, मोहफुलं कशी वेचता." मी त्याच्याच नर्सरीत रोपं लावाले जाये. नाही कशी म्हणू? पाला झाडून बुंध्यापासून दूर सारला, तेवढाच पेटवला. जमीन साफ झाली की पडलेलं फूल दिसते. माही माय हिरवी फांदी घेऊन जाळ विझवून राहिली होती. तिले फोटोत घेतलंच नाही.

आता म्हणे पाहुण्याच्या देशाची मदत येनार. तो सांगन तशी सरकारची नवी जंगल-योजना होनार. मोह तोडाचे, निलगिरी लावाची, भवताल तार. आमाले आत जाणं बंद. भिलाईचा कारखाना उभा झाला तवा ट्रकच्या ट्रक लाकूड गेलं, ते कोणाले दिसलं नाही. चोर सोडून संन्याशाले सुळी! माही माय तं मोहावरच उन्हाळा काढते.

साहेबानं कागद पुढं केला. "आम्ही जंगल जाळतो, यापुढे आत जाणार नाही, असं लिहिलंय. अंगठा दे. नर्सरीत कायमची घेतो."

मी ट्रे खाली ठेवला.

"मी कचरा जाळला साहेब, जंगल नाही. माय विझवून राहिली होती. सांगा या पाहुण्याले."

साहेब पाहुण्याले इंग्रजीत काहीतरी बोलला, गोड हासला. पाहुण्यानं मले हात जोडले. "थँक्यू," म्हणे.

बाप्पा! मी भांडून राहिली, अन् हा माह्ये आभार मानते! माह्यं बोलणं साहेबानं मधातच गिळलं होतं. अंगाचा नुसता भडका झाला.

कागद तसाच परत देल्ला. काम त्याच दिवशी गेलं.

घरी मायनं इच्यारलं, "आता वं?"

"मोह गळाले लागला की जाऊ. तार असली तं तारेखालून. पकडलं तं कचेरीत मीच बोलीन. माह्या तोंडचं लिहा म्हणीन, नाहीतर अंगठा भेटनार नाही."