सुट्टीचा शेवटचा दिवस

कुठे बेसन भाजल्याचा वास आला, की मला साताऱ्यातला आमचा वरचा मजला आठवतो. तिथे दहिवडीकडची एक मुलगी लहान लेकीला घेऊन भाड्याने राहायची. नवरा फौजेत होता. चार वर्षांत तिच्याबद्दल बोलायला कुणाला जागा नव्हती. मी तो मजला विकायला काढला आणि नेमका तेव्हाच नवरा दहा दिवसांच्या सुट्टीवर आला. "काकू, हे गेल्यावर माणसं आणा की. लय दिवसांनी घरात हायती," ती म्हणाली. मी हो म्हटलं, आणि त्याच्या जायच्या आदल्या दिवशी, न विचारता, एका कुटुंबाला घेऊन वर गेले. ती त्याच्यासोबत द्यायच्या लाडवांचं बेसन भाजत होती, लेक बापाच्या मांडीवर झोपली होती. आलेल्यांनी कपाटं उघडली, मापं घेतली, मोरीतला नळ सोडून पाहिला. लेक दचकून उठली, रडू लागली. तो तिला उचलून बाहेर जिन्यात जाऊन बसला. आलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता तिचं बेसन करपलं. तासाभराने "अंधार वाटतो" म्हणून ती माणसं निघून गेली. "आवं काकू, एकच दिवस राहिला हुता," एवढंच ती म्हणाली. महिन्याभरात तिने जागा सोडली. किल्ली द्यायला आली तेव्हाही माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. मजला काही विकला गेला नाही. आता नवे भाडेकरू आहेत. त्यांची सोय विचारल्याशिवाय मी वर पाऊल टाकत नाही. "तुमच्यासारखी घरमालकीण मिळायला नशीब लागतं," ते म्हणतात, आणि मी मान खाली घालते.