आप्पांच्या मडक्यांसाठी बांधलेली भट्टी

ती भट्टी मी हौसेनं बांधली नाही, वैतागून बांधली. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली. पाय दोन महिन्यांनी थोडाफार वळणावर आला, हात मात्र लोंबतच राहिला. कुंभाराचा डावा हात मडक्याच्या आतून दगडाचा टेका देतो. तोच नसला की बाहेरून कितीही थोपटा, मडकं पातळ होत नाही. पण हा माणूस ऐकेल तर शपथ! विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या चाकावर, एका हातानं, त्यांनी अकरा मडकी उतरवली. बुडाला चांगली अंगठ्याएवढी जाड.

"ही भाजून निघाली तर मी अजून कुंभार हाय म्हणायचं," ते म्हणाले. "न्हाय तर बसतो मग कट्ट्यावर, भिताडाला टेकून."

भाजायची कुठं, हा प्रश्न होता. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव आता बेळगावात नोकरी करणाऱ्यांच्या नव्या घरांनी भरलंय. आमचा आवा, म्हणजे मडकी भाजायचा उघडा ढीग, जिथं लागायचा तिथं प्लॉट पडले. मग शेण-पेंढ्याच्या धुराची तक्रार गेली, पंचायतीची कानडी नोटीस आली आणि आवा बंद झाला. मी बेळगावच्या कॅम्पातल्या एका शाळेत हस्तकला शिकवते. एका प्रशिक्षणात लाकडावर चालणारी छोटी भट्टी बघितली होती, धूर कमी, खर्च जवळजवळ नाहीच. मेच्या सुट्टीत गावी आले आणि पदर खोचून परसात कामाला लागले.

विटा पडक्या गोठ्याच्या. त्या जोडायला मातीत भाताचं तूस कालवलं. खाली लाकूड सारायला तोंड, त्यावर फटी ठेवून आडव्या विटा, आणि त्यावर कमरेइतकी चौकोनी भिंत. माथा उघडाच. मडकी वरून लावायची आणि जुनी कौलं-खापऱ्या टाकून झाकायचं. आप्पा खुर्चीत बसून तोंडाचा पट्टा सोडत होते.

"भट्टी हाय का तुळशीकट्टा गं ह्यो? वीट वाकडी बसवलीस बघ. म्हणं मास्तरीण!"

"आप्पा, गप बसा, न्हायतर पयल्यांदा तुम्हालाच आत घालते."

ते हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी जेवायची विसरले.

भट्टी सुकली आणि आभाळ भरून यायला लागलं. आमच्याकडं पाऊस एकदा लागला की चार महिने भाजणीचं नाव काढायचं नाही. आप्पांचा जीव टांगणीला लागला. "उद्याच लावू या," म्हणाले.

मडकं आतून वाळलंय का, हे आमच्यात गालाला लावून बघतात. गार लागलं तर ओल आहे, भट्टीत फुटणार. आप्पांच्या उजव्या गालात जन्मभर तंबाखूचा बार, त्यामुळं मडकं कायम डाव्या गालाला. त्या सकाळीही तसंच. मी एकेक मडकं उचलून द्यायची, ते डाव्या गालाला लावायचे, "वाळलंय," म्हणायचे. आणि घरातल्या मोठ्या माणसानं एकदा वाळलंय म्हटलं की ते मडकं दुसऱ्या कुणी आपल्या गालाला लावायचं नाही. तसं करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

त्याच डाव्या गालावरून रोज चहा ओघळून सदऱ्यावर सांडायचा आणि त्यांना पत्ता नसायचा. मीच पुसायची. मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंच. चौथं की पाचवं मडकं ठेवायला भट्टीवर वाकले तेव्हा ते माझ्या हनुवटीला घासलं. गारढोण. मी मागं वळून बघितलं. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते, पुढचं मडकं मांडीवर घेऊन, घरधन्यासारखे. जाळ मंद ठेवू, आतच सुकतील हळूहळू, अशी मनाची समजूत घातली आणि मडकं ठेवून दिलं. दहा मावली. अकरावं ओसरीवर राहिलं.

आकेशियाची वाळकी लाकडं मी एकेक करून सारत होते. दुपार व्हायच्या आत पहिला आवाज झाला. फट्ट!

"वीट तडकली वाटतं," मी म्हणाले. मग दुसरा, तिसरा. मी जाळ बाहेर ओढला, हात भाजून घेतला, तरी आवाज थांबेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौलं काढली. आत नुसत्या खापऱ्या. एकही धड नव्हतं.

"भट्टी चुकली, आप्पा. जाळ जास्ती झाला. माझंच चुकलं." मी शिव्यांची वाट बघत उभी राहिले.

त्यांनी ओसरीवरचं मडकं मागितलं. डाव्या गालाला लावलं. मग तंबाखू थुंकली आणि ते उजव्या गालाला लावलं. बराच वेळ तसंच धरलं.

"काल तुला गार लागलं व्हतं?"

खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर मी वाचले असते. मडकं माझ्या हातात देत म्हणाले, "माझं निम्मं अंग मला कायबी सांगत न्हाय आता. तूबी न्हाय सांगितलंस तर मला सांगायचं कुणी गं?"

त्याच दुपारी त्यांनी मला चाकाची मोटार सोडवून ठेवायला सांगितली. मी पाना आणला आणि सोडवली.