आण्णा आणि ओव्हनचं बटण

ओव्हनचं बटण दाबण्याआधी आण्णा डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत. आत रताळ्याचे काप असत. कोल्हापूरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत नव्या वाणांच्या रताळ्यांतला कोरडा अंश मोजायचा असे. काप करायचे, तोलायचे आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायचे. पाणी गेलं की उरतो तो खरा माल. आण्णा तिथले प्रमुख. घर जैनांचं, कंदमुळं उंबऱ्याच्या आत येत नसत, आणि नशिबाने नोकरी दिली ती नेमकी कंदमुळांतच!

"एका कंदात अनंत जीव असत्यात गं," ते मला सांगत. "उपटून टोपलीत टाक, तरी कोंब काढतंय. मेलेलं कोंब काढंल व्हय?"

मी हसायची.

"हस, हस. पाप माझ्या नावावर हाय, तुझ्या न्हाय."

इतका भित्रा माणूस मी पाहिला नव्हता. पण एवढी भीती पोटात घेऊन रोज वेळेवर कामाला येणाराही दुसरा पाहिला नाही.

एका सकाळी त्यांच्या जावयाचा फोन आला. लेकीला सहाव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात नेलं होतं. मी म्हटलं, "आण्णा, निघा तुम्ही."

"आत कुणाला सोडत न्हाईत म्हणं. तितं बसून काय करू?"

काप तोलून झाले होते. तसेच उघड्यावर राहिले असते तर नासून मोजमाप चुकलं असतं, हंगामभराची मेहनत मातीत गेली असती. आण्णांचा हात बटणापर्यंत गेला आणि मागे आला.

"आज तू दाब. तुला काय, तू मानत न्हाईस."

मानत नव्हतेच. पण मला दुसरा महिना होता, आणि ते नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा हात उचलेना. आण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग नकळत पोटावर गेलेल्या माझ्या दुसऱ्या हाताकडे.

"हो बाजूला," ते म्हणाले आणि बटण त्यांनीच दाबलं.

नात जन्मली, पण जगली नाही. मूल फार अपुऱ्या दिवसांचं होतं, वाचणं कठीण असल्याचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. हे मी आण्णांना परत परत समजावलं. ते नुसतं "व्हय" म्हणत. मी रजेवर जाईपर्यंत त्यांनी मला ओव्हनजवळ फिरकू दिलं नाही. ते महिने मी जीव मुठीत धरून काढले, आणि मला वाटतं, माझ्याहून जास्त त्यांनी.

मुलगा झाल्यावर बघायला आले ते दारातच थांबले. "लांबनंच बघतो गं. माझं हात तसलं हायत."

माझ्या काळजात धस्स झालं, खोटं कशाला सांगू? मग उठले आणि बाळ त्यांच्या हातांत ठेवलं. बाळाने जांभई दिली.

"घे गं, घे लवकर," आण्णा म्हणाले. पण द्यायला हात काही पुढे करेनात.