करंजीची टोकं आणि आमचे भासरे

आमचे भासरे आज सकाळी गेले. जन्मभर माझ्याशी भिंतीच्या मार्फत बोलले.

भासरे म्हणजे यांचे मोठे भाऊ. सिहोऱ्याला शाळेत सायन्स शिकवायचे.
आमच्याकडे भासऱ्याने धाकट्याच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, आणि तिने डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही.

पण गप्प राहतील तर ते मास्तर कसले!

लग्नानंतरची पहिली दिवाळी. मी आणि जाऊबाई, म्हणजे भासऱ्यांची बायको, स्वयंपाकघरात करंज्या करत होतो. भासरे दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून सुरू झाले.

"पोटातल्या बाळाचा मेंदू न् मज्जारज्जू आधी चपटी पट्टी रायते. लाटलेल्या पारीसारखी. मंग तिच्या दोन्ही कडा उचलतेत, मधात जुळतेत, न् तिथून दोन्ही टोकांकडं बंद होत जातेत. वरच्या टोकाचा मेंदू होते, खाली पाठीतली दोरी."

जाऊबाई म्हणाल्या, "काहून जी, भिंतीले दिवस गेले का?"

मी हसून हसून बेजार. तेवढ्यात माझी करंजी कढईत उकलली. सगळं सारण तेलात! तेच तेल दुसऱ्या दिवशी भाजीला वापरायचं होतं, जीव हळहळला.

बाहेरून आवाज आला, "टोक उघडं रायलं असन!"

मग ते जरा हळू बोलले.
"हे सारं पयल्या महिन्यातच होऊन जाते. बाईले दिवस गेल्याचं समजतही नाही तवा. न् आपण नजर लागन म्हणून तीन महिने कोनाले सांगत नाही. गोळ्या त्याच्या मंग सुरू होतेत. फॉलिक अॅसिडची गोळी आधीपासून पायजे."

जाऊबाईंचं लाटणं थांबलं.

त्यांचं पहिलं बाळ पाठ उघडी घेऊन जन्मलं होतं. राहिलं नाही.
त्यांनीही तीन महिने कोणाला सांगितलं नव्हतं.

मी मॅट्रिक, विज्ञानात काठावर पास. पण एवढं बरोबर डोक्यात शिरलं.
पाडव्यापासून रोज देवापुढे दिवा, तीर्थ, आणि मग गोळी. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तर सोडायची कशाला?
गोळीने सगळंच टळतं असं नाही, हेही भासऱ्यांनी भिंतीला सांगितलं होतं. म्हणून मी गावदेवी मातामायला नारळही बोलले.

पुढे माझी पूर्वा झाली.

भासरे वॉर्डाच्या बाहेर उभे. नाव नाही, वजन नाही, मुलगा की मुलगी तेही विचारलं नाही.
जाऊबाईंना एवढंच म्हणाले, "विचार तिले, पाठ पायली का?"

जाऊबाईंनी बाळ उचललं, बाहेर नेलं, हातावर पालथं धरून झबलं वर केलं.
मला खाटेवरून दिसत होतं. भासऱ्यांनी मानेपासून खालपर्यंत एक बोट फिरवलं. मग परत, वरून.

"बंद हाय वो," ते म्हणाले. "पुरी बंद हाय."

जाऊबाई रडता रडता हसत होत्या. दोघांपैकी कोणीच बाळ सोडेना.
मी आतून हाका मारून राहिली, तिला भूक लागली असेल म्हणून. कोण ऐकतं!

भाऊजी, वाकून नमस्कार. देवाने तुम्हाला आपल्याजवळ ठेवावं.