पंधरा दिवसांचा विमा

आमच्या मधल्या काकूबद्दल घरात आणि गल्लीत एक गोष्ट पक्की झालेली आहे. तिने थोरल्या काकूचा व्हिसा मुद्दाम घालवला. जळून. सांगणारे अगदी चवीने सांगतात: थोरली पांढरा स्वेटर घालून फोटोला बसली, मधलीने मागे पांढरा पडदा सोडला आणि फोटोत धडच गायब! हवेत तरंगणारं नुसतं मुंडकं. व्हिसा केंद्रातल्या बाईने ते मुंडकं जवळून पाहिलं, लांबून पाहिलं आणि अख्खी फाइल परत केली.

यातलं मुंडकं तेवढं खरं आहे.

मी त्या दिवशी स्टुडिओतच होते. मधली काकू म्हणाली, "ताई, स्वेटर काढा. पडद्यात मिसळतोय."

"अगं, म्हणजे कसं, हा मला अगदी खुलून दिसतो."

"खुलेल, पण दिसणार नाही."

"तुला ना, माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही!"

यावर मधलीने नाकाने लांब श्वास ओढला, पंपात हवा भरल्यासारखा, आणि बटण दाबलं. व्हिसाही कुणी नाकारला नव्हता. नीट फोटो आणि नवी तारीख घेऊन या, एवढंच सांगितलं होतं. पण एवढ्याशा तपशिलाने गल्लीचं पोट भरत नाही.

आता ती जळत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आमचं घर तीन मजली. वर थोरली, मध्ये मधली, खाली आम्ही. थोरलीकडे नवे पडदे लागले की मधलीच्या नाकाला ते जिन्यातच झोंबतात. "तिचा गॅससुद्धा एका काडीत पेटतो," हे ती इतक्या दुःखाने म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्या घरात चूलच नाही.

पण या जळण्यातूनच ती तिच्या कामात पक्की झाली, हे गल्लीला ठाऊक नाही. तिचा स्टुडिओ व्हिसा केंद्राच्या बरोबर समोर. एक खोली, बिनपाठीचं स्टूल, दोन दिवे, एक पडदा. गिऱ्हाईक बसलं की ती एका दमात म्हणते, "पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, हनुवटी सरळ, दात आत, कपाळावर केस नकोत, हसायचं ते विमानात बसल्यावर." फोटो छापून कापायला सहा मिनिटं लागतात. त्या सहा मिनिटांत ती हात पुढे करते. "फाइल बघू."

फाइल ती वाचते ती जळायला. कोण कुठल्या हॉटेलात उतरणार, खिडकीतून नदी दिसणार का, सकाळचा नाश्ता धरलाय का. "तळघरात पोहायचा तलाव! घरी बादलीत पाणी येत नाही याच्या!" असं पुटपुटत ती पानं उलटते, आणि उलटता उलटता तिला सगळं दिसत जातं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी हवी, इथे दोनच उरलेत. कोरी पानं दोन हवीत, इथे एकच आहे. हॉटेल सोमवारी सुटतंय आणि विमान बुधवारी. मग मंगळवारी झोपणार कुठे? "स्टेशनावर?" असं ती विचारते, तेव्हा भलेभले सूटवाले चाचरतात. आत गेल्यावर परत फिरायची वेळ अशी कितीतरी जणांवरची तिने टाळली आहे, आणि दर वेळी तो माणूस रस्ता ओलांडून गेला की ती दारात उभी राहून म्हणते, "जा बाबा. तूही जा."

तिचा स्वतःचा पासपोर्ट गल्ल्याच्या खणात असतो. पहिला दहा वर्षं कोरा राहिला. मुदत संपली म्हणून दुसरा काढला, तोही कोरा आहे.

थोरलीची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, दोन वर्षांपूर्वी युरोपात शिकायला गेली. लहानपणी शाळा सुटली की आई कचेरीतून येईपर्यंत ती या स्टुडिओत पडद्यामागे बसून गृहपाठ करायची. "असा फोटो हवा" म्हणून भिंतीवर जो नमुना लावलाय, तो तिचाच व्हिसाचा फोटो. दात आत, हनुवटी सरळ. "ही कोण?" असं कुणी विचारलं की काकू म्हणते, "आमची." कुणाची ते सांगत नाही.

यंदा तिचा पदवीदान समारंभ होता, अठरा तारखेला. तिने निमंत्रण पत्रात आई आणि मधली काकू अशी दोन नावं घालू का म्हणून विचारलं होतं. थोरली फोनवर म्हणाली, "अगं, म्हणजे कसं, तिला कुठे झेपतंय? स्टुडिओ बंद पडेल. पुढच्या वेळी बघू." आमच्या जिन्यात फोनवरचं सगळं खालपर्यंत ऐकू येतं. पत्र आलं ते एकाच नावाचं.

तर मुंडक्यानंतर तीन आठवड्यांनी थोरली पुन्हा स्टुडिओत आली, निळा स्वेटर घालून. अकरा चाळीसची वेळ मिळाली होती. केंद्रात त्यापुढची मोकळी तारीख थेट समारंभानंतरची होती. या वेळी काही चुकलं की आईविना पदवी, हे सगळ्यांना माहीत होतं.

फोटो निघाला. थोरली आरशापुढे केस नीट करायला गेली आणि मधलीने फाइल ओढली. मी शेजारच्या खुर्चीत होते. काकू बोटांवर दिवस मोजायला लागली. "सहा ते बावीस. सतरा! सतरा दिवस! समारंभ एका दिवसाचा आणि ही सतरा दिवस राहणार."

"शेवटी दोन दिवस वाढवलेत," मी कुजबुजले. "तळं बघायला."

"तळं!" काकूने पान उलटलं आणि थांबली. प्रवासाच्या विम्याचा कागद होता. सहा ते वीस. पंधरा दिवस. तळ्याचे दिवस वाढवताना विमा वाढवायचा राहून गेला होता. तिथे राहायचा एकूण एक दिवस विम्यात धरलेला लागतो, हे काकू रोज दहा जणांना सांगते.

तिने फाइल हळूच मिटली. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे.

"सांगणार?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"नाही सांगणार तू. पैज."

"हरलीस तर?"

थोरलीची नक्कल हा माझा हातखंडा. तिचं 'म्हणजे कसं' मी असं करते की बाबासुद्धा दचकून जिन्याकडे बघतात. म्हणून मीच म्हणाले, "महिनाभर तिची नक्कल बंद."

"आत्ताचा नाही. ती परत आल्यावरचा महिना."

"चालेल. आणि तू हरलीस तर सगळ्यांसमोर कबूल करायचं, मी जळते म्हणून."

"ते सगळ्यांना माहीतच आहे," काकू म्हणाली आणि फोटो कापायला उठली.

थोरली आली. फोटो बघून म्हणाली, "हं, या वेळी बरा काढलास. बघ, मनात आणलं की जमतं तुला." मधलीने नाकाने हवा भरली. "आणि ऐक, तुला तिकडून काय आणू? किल्ल्या अडकवायचं काहीतरी आणते. हलकं असतं."

किल्ल्या अडकवायचं! मला तर पैज खिशात पडल्यासारखीच वाटली. थोरली फाइल बगलेत मारून बाहेर पडली, फुटपाथ उतरली, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडायला लागली. काकू टेबलावरच्या कागदाच्या कातरणी गोळा करत होती. एकेक, फार हळू. मग तिने मान वर केली. समोरच्या भिंतीवर तो नमुना होता. दात आत, हनुवटी सरळ.

"मेलं ते तळं," काकू म्हणाली आणि धावत सुटली. एका पायात चप्पल होती.

"ताई! विमा! अहो ताई!"

रस्त्याच्या पलीकडे थोरली गर्रकन वळली. "आता काय काढलंस नवीन? मागे स्वेटर, आता विमा? तुला मला जाऊच द्यायचं नाहीये ना?" फुटपाथवर रांगेत उभे होते ते सगळे वळले. काकूचे कान लाल झाले. एरवी ती परत फिरली असती. पण तिने थोरलीच्या हातातली फाइल ओढून एका उभ्या गाडीच्या बॉनेटवर उघडली.

"हात ठेवा इथे."

"काय?"

"दोन्ही हात. ठेवा!"

थोरलीने घाबरून दहा बोटं बॉनेटवर पसरली. शेजारी काकूने आपली पसरली आणि एकेका बोटावर टिचकी मारत मोजायला लागली. "सहा, सात, आठ..." पंधरा तारखेला थोरलीची बोटं संपली. सोळापासून काकूच्या डाव्या हाताची. "वीस. तुमचा विमा इथे करंगळीवर संपला. आता ही दोन बोटं बघा. एकवीस, बावीस. तळं. ही उघडी!"

थोरली त्या दोन बोटांकडे बघत राहिली. रांगेतल्या एका माणसाने गुपचूप आपली फाइल उघडली आणि बोटं मोजायला लागला.

पुढची वीस मिनिटं नुसती पळापळ. विमावाल्याला फोन, त्याचं "मॅडम, आत्ता करतो, मॅडम", मग काकूच्या यंत्रातून आलेला नवा कोमट कागद. अकरा अडतीसला थोरली केंद्राच्या दारात होती. फाइल आत घेतली गेली आणि पुढे व्हिसाही झाला.

त्याच संध्याकाळी जिन्यात थोरलीचा आवाज आला. ती माझ्या आईला सांगत होती, "अगं, म्हणजे कसं, माझ्या वेळेवर लक्षात आलं म्हणून, नाहीतर आज सगळंच राहिलं असतं!" वरच्या पायरीवर मधली काकू कचऱ्याचा डबा घेऊन उभी होती. तिच्या नाकात किती हवा गेली ते मला खालपर्यंत ऐकू आलं.

"का सांगितलंस मग?" मी नंतर विचारलं.

"नसती गेली तर वर बसून रोज रडली असती. मी जळू कुणावर?" काकू म्हणाली. नमुन्याच्या फोटोवरची धूळ ती पदराने पुसत होती. "तू तुझ्या पैजेचं बघ."

थोरली परतून आज नववा दिवस. काकूसाठी आणलेलं ते किल्ल्या अडकवायचं गल्ल्याच्या खणाला लटकतंय, त्यावर तळ्याचं चित्र आहे. आणि थोरलीला तिकडून नवीन आवाज लागलाय! शब्दाच्या शेवटी ती आता मान तिरकी करून थांबते. "तिकडे ना... कुणी हॉर्नच वाजवत नाही... अगदी शांत..." असला ऐवज समोर, आणि माझी जीभ दाताखाली. रोज जेवणं झाली की मधली काकू वरच्या मजल्यावर जाते, मला मुद्दाम सोबत नेते, आणि साखरेसारख्या आवाजात म्हणते, "ताई, ते तळ्याचं परत सांगा ना."

थोरली सांगते. काकू तिच्याकडे बघतच नाही. ती माझ्याकडे बघते, आणि टेबलाखाली बोटांवर माझे उरलेले दिवस मोजून दाखवते. एकवीस. माझी दहा धरूनही आम्हाला एक बोट कमी पडतं.