रेघोबाचे बारा मीटर

रेघोबाने बहिणीचं घर वाचवायला सरकारी रेघ वाकवली, असं सगळी गल्ली सांगते. सलूनवाला तर गिऱ्हाईक अर्धवट सोडून कंगवा हवेत फिरवतो. "अशी सरळ यायची, अश्शी वळवली! रक्ताचं नातं आहे साहेब, शाई काय करणार?"

रेघ वाकलीय हे खरं. नगररचना कार्यालयाच्या जिन्याशी नकाशा लावलाय, कुणीही जाऊन बघावं. लष्करी तळाच्या दारूगोळ्याच्या कोठाराभोवती लाल रेघ फिरते. तिच्या आत नवं बांधकाम नाही, वाढीव मजला नाही. त्याच्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या गल्लीपाशी त्या रेघेला पोट सुटलंय, तेही बाहेरच्या बाजूला. ताईचं घर त्या पोटात गेलं. घालवलं कुणी? तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने.

रेघोबा त्याच नगररचना कार्यालयातला आरेखक. एकोणतीस वर्षं नकाशे काढून काढून माणूसच पट्टीसारखा झालेला. बोलण्याआधी दोनदा खाकरायचा, मग "म्हणजे कसं, की..." आणि मग एवढा थांबायचा, की समोरच्याचा चहा निवावा. त्याची भाची, म्हणजे ताईची मुलगी, ही नक्कल इतकी हुबेहूब करायची, की शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "भाऊ, कधी आलात?"

ताई शिवण शिकवते. पुढच्या खोलीत चार मशिनी, पंधरा मुली. रात्री मशिनी भिंतीला सरकवायच्या, तेव्हा कुठे गाद्या पडायच्या. गच्चीवर अकरा वर्षं सळया उभ्या होत्या, गंजू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या. वर एक मोठी खोली काढायची, वर्ग तिकडे न्यायचा, एवढंच तिचं म्हणणं.

शहराच्या नव्या आराखड्याचा पहिला मसुदा लागला तेव्हा ताईचं घर रेघेबाहेर होतं. सात मीटरने. ताईने विटा मागवल्या. रेघोबाने स्वतः वरच्या खोलीचा नकाशा काढून दिला, खिडकी उजेडाच्या बाजूला, सुईत दोरा ओवायला बरं म्हणून.

मग एक दिवस एक वळण पडताळायला तो कुंपणाकाठाने चालत गेला आणि गवतात ठेचकाळला. अंगठ्याचं नख गेलं. वाकून बघतो तर हद्दीचा दगड! तारेच्या कुंपणाबाहेर बारा मीटर. नियमाप्रमाणे पाचशे मीटर मोजायचे ते दगडापासून. सगळं कार्यालय जुन्या नकाशावर कागद ठेवून गिरवत आलेलं, आणि जुन्या नकाशात कुंपण हीच हद्द. त्या एका बाजूला दगड बाहेर राहिलेत, हे कुणी पायी जाऊन बघितलंच नव्हतं.

त्याचा साहेब नाकातून बोलायचा. "अहो, कुणाच्या लक्षात आलंय का? नाही नां? मंग?"

"माझ्या आलंय, साहेब."

संध्याकाळी तो लंगडत ताईकडे गेला. ताई मापाची टेप गळ्यात घालून दारात उभी.

"बंड्या, बारा मीटर. बारा! माझं अंगणसुद्धा एवढं नाही."

"म्हणजे कसं, की ताई... उद्या कोठार वाढलं तर त्या दगडापर्यंत येणार. तेव्हा वर तुझ्या पंधरा मुली बसलेल्या असतील."

"उद्याचं उद्या बघू."

"नकाशा उद्याचाच असतो गं."

ताईने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं भाचीला अजून वाटतं.

त्याला दोन वर्षं झाली. दर रविवारी रेघोबा येतो, पायरीवर बसतो, भाचीशी गप्पा मारतो आणि जातो. ताई आत मशीन चालवते. विटा अजून अंगणात आहेत, त्यांवर शेवाळ धरलंय.

मात्र तो गेला, की आतून आवाज येतो. "काय म्हणत होता? करून दाखव." भाची दोनदा खाकरते, "म्हणजे कसं, की..." सुरू करते. ताई पाठ फिरवून ऐकते, हसत नाही, पण पायाखालची मशीन थांबवते. "मामाला सांगशील तर माझी शपथ आहे," असंही वर बजावते.

रेघोबाच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. आदल्या रविवारी भाची पायरीवर म्हणाली, "मामा, आई येणार समारंभाला. पैज."

"नाही यायची."

"लाव मग."

तो खाकरला. "म्हणजे कसं, की... हरलीस तर वर्षभर माझी नक्कल बंद. गल्लीत मान वर काढता येत नाही तुझ्यामुळे."

भाचीच्या तोंडाशी आलं होतं, हे सोडून काहीही माग. पण शपथ होती. तिने हातावर टाळी दिली.

समारंभात रेघोबाने शेजारची खुर्ची रुमाल टाकून धरून ठेवली होती. पैज तोच जिंकत होता, आणि दाराकडे बघतही तोच होता. साहेबांचं नाकातलं भाषण संपलं, हार झाला, फोटो झाला. शेवटी त्याने रुमाल उचलून घडी घातली.

दुसऱ्या दिवशी ताई मशीनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काल भाषणात काय बोलला? कर की."

भाचीने नकारार्थी मान हलवली.

"अगं, ते खाकरणं तरी कर."

"नाही करता येणार. पैज हरले."

"कुणाशी?"

"मामाशी."

मशीन थांबली. "कसली पैज?"

"तू येशील अशी."